तीन रिंगांची भाऊबंदकी

भांडण परातीवरून सुरू झालं. कमलावहिनी भाकरी करायला बसल्या, परात काही सापडेना. शेवटी ती गॅलरीत सापडली. परातीत पेट्रोल होतं आणि पेट्रोलात कोंडीरामभाऊंच्या मोटरसायकलचं पिस्टन डुंबत होतं.

"ह्यात भाकरी मळू व्हय मी?"

"न्हाऊ घालतुया त्येला. आज नव्या रिंगा चढवायच्यात."

"मग हळद बी लावा! नवरदेव हाय न्हवं तुमचा!"

"आगं, गोठ्यातलं जनावर आजारी पडलं तर घरातलंच भांडं घ्यावं लागतंय."

"गोठा? भोईवाड्यात?" वहिनींनी पदर खोचला आणि आमच्या दाराकडे वळून म्हणाल्या, "सुचित्रा, सांग गं ह्यांना. आजपासनं मी बोलणार न्हाय."

झालं. आमची भिंत एक असल्यामुळे या घरात अबोला झाला की पोस्टमन मीच. भाऊ माझ्या समोर हातभर अंतरावर, वहिनी त्यांच्या मागे हातभर अंतरावर, आणि निरोप माझ्यामार्फत.

भाऊ मूळचे माण तालुक्यातले. उभी हयात भोईवाडा कोर्टात पट्टेवाला म्हणून गेली, पण जीभ तिकडचीच राहिली. चाळीत बैल पाळता येत नाही म्हणून या माणसाने मोटरसायकल पाळली. तिला म्हणायचं 'खोंड'. रात्री तिच्यावर गोणपाट घालायचं, सकाळी टाकीवर थाप मारायची. आता हा खोंड म्हातारा झालेला. इंजिन ऑइल प्यायचं आणि मागून असा धूर सोडायचं की माझे दोरीवरचे धुतलेले कपडे पुन्हा धुवायला लागायचे. मी दोनदा भांडले, मग दोरीच आत बांधली.

वहिनींनी मात्र शपथ घेतली होती. मागच्या वर्षी एका लग्नाला त्या पांढरी साडी नेसून खोंडावर मागे बसून गेल्या. उतरल्या तर मागून साडी काळीठिक्कर. बायका तोंडावर हसल्या, "कमळे, चुलीतनं उठून आलीस काय गं?" त्या दिवसापासून त्यांचं ठरलं: धूर थांबेपर्यंत त्या गाडीवर बसायचं नाही. कुठे जायचं झालं की वहिनी बसने जायच्या. आणि भाऊ? भाऊ खोंडावर बसून बसच्या बाजूबाजूने. सिग्नलला बस थांबली की खिडकीखाली जाऊन विचारायचे, "बसायला जागा घावली का?" एकदा कंडक्टर वाकून म्हणाला, "काका, प्रॉब्लेम काय आहे?"

"माझी बायको हाय आत."

"मग?"

"मग काय न्हाय. सोबत चाललोय."

हे ऐकून चाळ पोट धरून हसली. मीही हसले. पण मागची रिकामी सीट घेऊन बसच्या कडेने चाललेला तो माणूस एकदा डोळ्यांनी पाहिला, तेव्हा हसू आलं नाही. आता रविवारी वहिनींच्या बहिणीच्या नातीचा, दीपिकाचा, शीव कोळीवाड्याला साखरपुडा होता. त्या दिवशी कमलाबाईला गाडीवरून न्यायची, एवढंच भाऊंच्या डोक्यात होतं. म्हणून या रिंगा.

मदतीला तळमजल्यावरचा वॉरेन आला. तो गोदीत फिटर होता, जहाजांची इंजिनं खोललेला माणूस. खाली चौकात खोंड उभा होता, पोट उघडं टाकून. वॉरेनने सगळं बैजवार सांगितलं. पिस्टनला वरून तीन खाचा, प्रत्येक खाचेत एक रिंग. रिंग पूर्ण गोल नसते, तिला एके ठिकाणी फट असते. ती दाबून फट मिटवायची आणि वरून ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचं नळकांडं, सरकवायचा.

"आणि बघ कोंडीराम, मेन काय ते ऐक. तीन फटी तीन साईडला ठेवायच्या. एक इकडे, एक तिकडे, एक मागे. एका लाईनीत आल्या की ऑइल सरळ वर चढणार, जळणार, धूर करणार. समजला?"

भाऊंनी रिंग खाली ठेवली.

"तीन दिशेला?"

"हां."

"न्हाय जमायचं."

"अरे, न जमायला काय आहे? फिरवायची फक्त."

"वॉरेन, आमी तिघं भाऊ. एक घर. थोरल्यानं दार फिरवलं उगवतीला, मधल्यानं मावळतीला, म्या धाकट्यानं ओढ्याकडं. तवापास्नं त्या घरात कुणी कुणाच्या मयताला बी आलं न्हाय. कोर्टात जल्मभर म्या काय पुकारलं? भावानं भावाचं डोस्कं फोडलं, हाजिर हो! माझ्या इंजिनात म्या भाऊबंदकी हुऊ देणार न्हाय. तिघं एका दिशेलाच बघत्याल."

"ते लोखंड आहे, मॅन!"

"लोखंडाला बी वळण लावावं लागतंय."

वॉरेनने आकाशाकडे बघून छातीवर क्रूसाची खूण केली. मी ब्लॉक धरायला होते, मी कशाला बोलू? भाऊंनी तिन्ही फटी एका ओळीत लावल्या, पोरांना पंगतीला बसवावं तशा. रिंगा बोटांनी दाबल्या, मी ब्लॉक खाली सोडला, खट् खट् खट् करत तिघी आत गेल्या. संध्याकाळपर्यंत इंजिन बांधून झालं. भाऊंनी टाकीवर थाप मारली आणि किक मारली.

खोंड पहिल्या किकला सुरू झाला. आणि मग जो धूर सुटला! आधीचा धूर म्हणजे उदबत्ती म्हणायची. चौक भरला, जिना भरला, दुसऱ्या मजल्यावरची माणसं दिसेनाशी झाली. वॉरेन खोकत खोकत "सांगितला होता, सांगितला होता" म्हणत कुठल्या तरी भिंतीला धडकला.

तेवढ्यात वरून चाळ कमिटीच्या हेरंबचा आवाज आला, "अरे, डासांचं औषध आलं! दारं उघडा, खिडक्या उघडा!"

फवारणीवाल्यांची महिनाभर वाट बघून चाळ कावलेली. घराघरातल्या बायकांनी जेवणावर ताटं झाकली आणि दारं सताड उघडली. कोणी म्हणालं, "आमच्या मोरीकडे पण मारा." हेरंब धुरातून खाली आला, भाऊंचा हात हातात घेतला.

"कोंडीरामभाऊ, कमिटीच्या वतीने आभार. चाळीसाठी तुम्ही स्वतःचं पेट्रोल जाळताय."

भाऊंनी हात सोडवून घेतला आणि खोंड बंद केला.

गंमत म्हणजे त्या रात्री चाळीत खरंच डास चावले नाहीत. दुसऱ्या दिवशी लोक भाऊंना वाटेत थांबवून नमस्कार करायला लागले. हेरंबने तर विनवणीच केली, "आता दुरुस्त करू नका हां. रोज संध्याकाळी दहा मिनिटं मागच्या गटारापाशी उभी करा. गणपतीत तुमचा सत्कार करू, शाल, नारळ!" जन्मभर दुसऱ्यांची नावं पुकारलेल्या माणसाचं नाव कोणी पुकारणार होतं. भाऊ भुलले. दोन संध्याकाळी त्यांनी गटारापाशी खोंड उभा केला आणि छाती काढून बाजूला उभे राहिले.

शनिवारी दुपारी वहिनी गॅलरीत पांढऱ्या साडीला इस्त्री करत होत्या. भाऊ शेजारी वेताच्या मोड्यावर.

"सुचित्रा," वहिनी म्हणाल्या, "शीव कोळीवाड्याला बस कुठनं मिळंल गं?"

मी काही बोलायच्या आत भाऊंचा चेहरा उतरला. ते उठले, खाली गेले, आणि थोड्या वेळाने पान्याचा आवाज यायला लागला. हेरंब वरून ओरडला, "भाऊ, शाल!" भाऊ म्हणाले, "तुझी शाल घाल गटारात!"

मी खाली गेले, वॉरेनही आला. इंजिन पुन्हा उघडलं, पण अडलं तिथेच. भाऊ रिंगा फिरवायला तयार नाहीत. "कायतरी दुसरं चुकलं आसंल. भावांची फूट करून कुणाचं भलं झालंय?" वॉरेन हात जोडून म्हणाला, "जहाजात पण असंच लावतात, बाबा." भाऊ म्हणाले, "जहाजाला घरदार नसतंय."

जिन्यात पावलं वाजली. वहिनी इस्त्री अर्धी टाकून आल्या होत्या. त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"सुचित्रा, ह्यांना इचार. गावी जोंधळा राखायला तिघं भाऊ रानातल्या माळ्यावर बसायचे न्हवं?"

"बसायचो म्हणावं."

"तिघं बी एकाच दिशेला बघत बसायचे का?"

"खुळी का काय? मागनं पाखरं पडली आस्ती पिकावर! एक इकडं, एक तिकडं, एक ओढ्याकडं..." भाऊंचं बोट तिसऱ्या दिशेलाच राहिलं.

वॉरेनने माझ्याकडे पाहिलं. भाऊंनी खाली बसून पहिली रिंग फिरवली, मग दुसरी, मग तिसरी. स्वतःशीच पुटपुटत होते, "ही फूट न्हवं. ही राखण हाय, राखण." बोटं तेलाने निसटत होती, तिसरी रिंग दबेना. तेव्हा वहिनीच पुढे झाल्या, बांगडी भरताना दुसरीचा हात दाबतात तशी त्यांनी रिंग हलकेच मिटवली, आणि मी ब्लॉक सोडला.

रविवारी सकाळी किक बसली. खोंड धडधडला. वहिनींनी पांढरा रुमाल धुराच्या नळीमागे धरला, बराच वेळ धरला, मग उलटून पालटून पाहिला. रुमाल पांढराच. वर गॅलरीत हेरंब दंडावरचा डास फाटकन मारून म्हणाला, "चाळीची वाट लावली!"

वहिनींनी गजऱ्यावरून हेल्मेट चढवलं आणि गाडीवर एका अंगाने बसल्या.

"सुचित्रा, सांग त्यांना. आबोला आजून मोडलेला न्हाय."

"सांग तिला," भाऊ समोर बघत म्हणाले, "खांद्याला धरून बस म्हणावं."

वहिनींनी धरलं. भाऊ शीवकडे बघत होते, वहिनी परळ स्टेशनकडे. गाडी चाळीच्या फाटकातून बाहेर पडली आणि मी मागून पाहत राहिले. दोघं दोन दिशांना बघत होती, आणि धूर कुठेच नव्हता.

मी घरात गेले आणि कपड्यांची दोरी पुन्हा बाहेर बांधली.