उकडलेली सुई

धान उकडून पेरलं तर उगवत नाही. लाखांदूरकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

मंदाबाईच्या दंडावर लिंबाएवढं गळू. त्यावर हळद, हळदीवर अंगारा.

आरोग्य उपकेंद्रातल्या सुया उकळायच्या स्टोव्हची पिन हरवली की निर्मलाबाई नर्स दिवसभर कोणाशी धड बोलत नसत.

गेल्या साली पाण्यात फुंकून रोग काढणारा बाबा आला होता. त्याच्या आधी पोटातून खडे काढणारा.

डोमाचे डोळे पिवळेजर्द.

यंदा गुरुवारी आजाऱ्यांचा एकच पत्ता होता: बोडीच्या पाळीवरचा, म्हणजे तळ्याच्या बांधावरचा, सुईमहाराजाचा मांडव. सकाळपासून रांग. बायका लेकरं घेऊन बसलेल्या, म्हातारे काठी टेकून. महाराजाचं मूळ नाव टिकाराम. लाखनीकडं कुण्या डॉक्टरच्या हाताखाली बाटल्या धुता धुता त्याच्या अंगात माता आली, आणि येताना काचेची पिचकारीच घेऊन आली. पिचकारी एक, सुई एक, हात गावभराचे. माता प्रसन्न असली की सुई शिरताच जिभेपासून मांड्यांपर्यंत गरम लाट जाई.

"आली का माता?"

"आली जी, आली."

ज्याला गरमी येत नसे त्याचं पाप जड.

"सुई कधी उकळाची नाही," महाराज सांगे. "उकडलेलं धान उगवते का?"

"नाही उगवत जी."

"मंग उकडलेल्या सुईतून माता कशी उगवन?"

धान पिकवणाऱ्या माणसांना याहून पक्का पुरावा लागत नव्हता. निर्मलाबाई रोज सुया उकळत, म्हणून त्यांच्या सुईला गावानं नाव ठेवलं होतं, मेलेली सुई. बाई घरोघरी सांगून थकल्या होत्या. आता कोणी अडवून विचारलं तरच सांगत, आणि कोणी विचारत नव्हतं.

त्या गुरुवारी त्या पाळीवर चढल्या त्या रुखमिणीसाठी. रुखमिणीला सातवा महिना, चेहरा कागदासारखा पांढरा. सासू सीताबाई तिला मातेची गरमी द्यायला घेऊन आली होती. रांगेत तिच्या पुढेच डोमा होता.

महाराजानं डोमाच्या शिरेतून सुई काढली, अंगाऱ्यात खुपसली, धोतराला पुसली. आसनाखालून नवी शिशी काढून फोडली, पिचकारी भरली आणि रुखमिणीचा हात धरला.

"थांबा," निर्मलाबाई म्हणाल्या.

"आली पाहा मेलेल्या सुईची मालकीण," रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"सीताबाई, डोमाचे डोळे पाहा."

"कावीळ होय बाई. त्याच्याचसाठी तर आला तो."

"त्याचं रक्त त्या सुईत आहे. आता ते तुमच्या सुनेच्या अंगात जाईल. पोटुशी बाईले अशी कावीळ झाली तर मायच्या जिवाले धोका, लेकरालेही."

महाराज हसला. "मातेच्या सुईले रोग चिकटते का? बाईची सुई मेली म्हणून जळून राहिली ते. तिच्या सुईनं गरमी आणून दाखव म्हणा."

निर्मलाबाईंनी सुस्कारा टाकला. गावात अक्कल यायची तर तीही तमाशाच्याच वाटेनं यायची. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत त्या सकाळी उकळलेली पिचकारी होती.

"कोणाले टोचू?"

नत्थू पुढं आला. महाराजाला त्यानं एकदा चारचौघांत 'लाखनी काहून सोडली' असं विचारलं होतं. तेव्हापासून माता त्याला नाकारत होती आणि घरात बायको त्याला पापी म्हणत होती.

"मले टोच बाई. दोन डाव नापास झालो. आता मेलेल्या सुईनं पाहू."

बाईंनी चिमट्यानं सुई उचलून पिचकारीला लावली, बोट लागू दिलं नाही. स्वतःजवळची शिशी फोडून औषध भरलं, नत्थूचा हात स्पिरिटनं पुसला, शीर धरली. औषध अगदी हळू ढकलू लागल्या.

"आता जीभ गरम होईल."

"झाली."

"मंग घसा."

"हो जी."

"मंग पोट."

नत्थूनं डोळे मिटले. "पोटाच्याही खाली गेली बाई."

"कुठवर गा?" मागून कोणीतरी विचारलं.

"तुह्या काकूले सांगतो. तुले कायले पाहिजे?"

मांडव हसला. महाराज हसला नाही.

"हे कॅल्शियम आहे," बाई म्हणाल्या. "शिरेत गेलं का कोणालेही गरम वाटते, पुण्यवानाले अन् पाप्यालेही. घाईनं ढकललं तर काळीज बंद पडते. महाराजाच्या आसनाखाली पाहा, काय आहे ते."

सीताबाईनंच लाल कापड ओढलं. खाली दोन खोके होते. एकात याच शिश्या; दुसऱ्यातल्या, बाईंनी वाचून सांगितलं, साध्या पाण्याच्या.

"म्हणजे मले पाणी," नत्थू म्हणाला.

सीताबाईचं मन अजून मानत नव्हतं. "पण बाई, उकडलेलं उगवत नाही, हे तर खरं ना?"

"अगदी खरं. म्हणूनच उकळते मी. त्या सुईवर मंदाबाईच्या गळवाचं बी आहे, डोमाच्या काविळीचं बी आहे. ते तुमच्या सुनेच्या अंगात उगवू नये म्हणून. औषध शिशीत असते वो. सुईत राहते ते फक्त आधीच्या माणसाचं."

सीताबाईनं रुखमिणीचा हात महाराजाच्या हातातून सोडवून घेतला. "मंग तुम्हीच टोचा हिले."

"मलेही," मागचा म्हणाला. "मलेही बाई." रांग वळली आणि निर्मलाबाईंच्या पुढं उभी राहिली.

बाई तिथंच पाळीवर बसल्या. पाय दुखत होते.

"ही सुई आता नत्थूबापूची झाली. उकळल्याशिवाय कोणालेच नाही. अन् रुखमिणीले सुई नकोच, रक्तवाढीच्या गोळ्या पाहिजेत. सुईत देव नाही, महाराजाच्याही नाही अन् माह्याही नाही. उद्या दुसरा कोणी येईल. हात पुढं कराच्या आधी त्याले एवढंच विचारा, ही सुई कोणाच्या अंगातून आली अन् मधात उकळली का? मलेही विचारा. मी रागावणार नाही."

माता रागावली, असं म्हणत महाराज लाखांदूरच्या एस.टी.कडं निघाला. पिचकारी त्यानं सोबत नेली.

दिवाळीत डोमानं गुडघेदुखीसाठी महाराजाची पहिली सुई घेतली, तेव्हा त्याचे डोळे पांढरे होते.