सत्यभामाबाईंच्या गोळ्यांवरचा सूर्य

मी एक जुना लेबल प्रिंटर आहे. धाड गावच्या बसथांब्यासमोर एक मेडिकल आहे, तिथे काउंटरच्या डाव्या कोपऱ्यात खोकल्याच्या औषधांच्या खोक्याला टेकून मी बसलेला असतो. एकेकाळी मी पांढरा होतो, आता माझा रंग दुधाच्या चहासारखा झाला आहे. मित्रांनो, माझ्या पोटात शाई नाही. कपाळाशी बारीक बारीक तापणारे ठिपके आहेत. कागद त्यांच्याखालून सरकला की जिथे ठिपका तापतो तिथे काळं उमटतं. म्हणजे मी चटके देऊन लिहितो, पण आजवर कुणाचं बोट भाजल्याचं ऐकिवात नाही.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं बुलढाण्याच्या एका कुरिअरच्या ऑफिसात पत्ते छापण्यात गेली. तिथे नवा प्रिंटर आला आणि मी माळ्यावर जाऊन धूळ खात पडलो. मग धम्मशीलाने मला निम्म्या किमतीत आणलं. ही या मेडिकलची फार्मासिस्ट. दर रविवारी स्पिरिटचा बोळा फिरवून माझं कपाळ पुसते. माझं एवढं कोडकौतुक आधी कुणी केलं नव्हतं.

माणसांची भाषा मला छापता येते, पण कळते ती हुकमांची. इथून सुरू कर, इतकं खाली सरक, अक्षर जाड काढ, एक प्रत दे. आम्हा प्रिंटरांच्या प्रत्येक जातीची हुकमांची भाषा निराळी, आणि माझी तर जुन्या वळणाची. शिवाय आम्ही पडलो सांगकामे. हुकूम कळला नाही तर उलट विचारायची सोय आमच्यात नाही.

सत्यभामाबाई दर महिन्याला जीपने यायच्या. वांगी-मिरचीचा मळा, नवरा कडूबा आणि मुलगा सहदेव यांचा संसार, आणि वाचायला अक्षरही येत नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांनी चुकून कडूबांच्या गोळ्या खाल्ल्या आणि तीन दिवस दवाखान्यात काढले. तेव्हा धम्मशीलाने माझ्या पोटात दोन चित्रं साठवून ठेवली. सकाळच्या बीपीच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या शुगरच्या गोळीवर चांद. आणि बाईंना बजावलं, "ज्या पाकिटावर आपलं चित्र नाही, ते गोळी तोंडात घालाची नाही. कोणी का सांगेना." बाईंनी मान डोलावली, आणि तीन वर्षं हा नियम व्रतासारखा पाळला.

मग गेल्या महिन्यात दुकानात नवा कॉम्प्युटर आला. धम्मशीलाचा भाऊ अश्वजित बुलढाण्याला कॉम्प्युटर दुरुस्त करतो, त्यानेच तो बसवला. त्या दिवशी बाजार होता आणि काउंटरवर ही गर्दी. नव्या कॉम्प्युटरने मला हुकूम सोडला तो दुसऱ्याच जातीच्या भाषेत. मला ओ की ठो कळेना. मग मी आलेले हुकूमच जसेच्या तसे छापत सुटलो. नुसत्या खुणा, आकडे, तिरप्या रेघा. हातभर कागद बाहेर आला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

समोर सत्यभामाबाई उभ्या होत्या आणि बाहेर त्यांची जीप हॉर्न देत होती. धम्मशीलाने पेनाने पाकिटांवर 'सकाळी' आणि 'रात्री' लिहिलं, तोंडाने सांगितलं आणि पाकिटं हातात दिली. बाई "हाव, हाव" म्हणत जीपकडे पळाल्या.

मी तसाच बंद पडून राहिलो आणि धम्मशीला पेनानेच भागवू लागली. नवव्या दिवशी सहदेव आईला मोटरसायकलवर घेऊन आला. मिरच्या तोडता तोडता ती चक्कर येऊन पडली होती. डॉक्टरांकडून ते दोघं थेट दुकानात आले. सहदेवने दोन्ही पाकिटं काउंटरवर ठेवली. एकही गोळी फोडलेली नव्हती.

"मॅडम, मायनं नऊ दिवसात एकबी गोळी नाही घेतली. डॉक्टर म्हनते बीपी लय वाढला, बीपीची एक आताच द्या."

"काऊन नाही घेतल्या, माय?" धम्मशीलाने पाकिटं हातात घेत विचारलं.

"चित्र कुठी हाय त्याच्यावर?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तूच सांगतलं होतं ना, चित्र नसन तं तोंडात घालाची नाही."

धम्मशीलाने पाणी आणलं, बीपीची गोळी पुढे केली. बाईंनी तोंड फिरवलं. डॉक्टर गोळी घे म्हणाले हे खरं, पण तीच गोळी ही, हे कशावरून? धम्मशीलाने पेनाने पाकिटावर सूर्य काढला. बाईंनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला आणि खाली ठेवला.

"असे तं आमची प्रतीक्षाबी काढते. घरातली एक वस्तू सोडली नाही त्या नातीनं."

सहदेव चिडला, विनवण्या केल्या, शेवटी बाहेर जाऊन उभा राहिला. धम्मशीला मात्र चिडली नाही. चिडणार कुणावर? नियम तिचाच होता. तिने अश्वजितला फोन लावला. तो येईपर्यंत तासभर ती बाईंचा हात हातात घेऊन बाकावर बसली. गिऱ्हाईक आलं की उठायची, पुन्हा येऊन बसायची. मी कोपऱ्यातून पाहत होतो. सूर्य माझ्या पोटात होता आणि मला तो देता येत नव्हता, याचं दुःख तुम्हाला कसं सांगू, मित्रांनो.

अश्वजित आला. मला पाहून म्हणाला, "ताई, याचं आता काई खरं नाही. नवा मागवतो, चार दिवसात येईन."

"अन चार दिवस या मायनं काय करावं?"

अश्वजितने बाकाकडे पाहिलं. मग माझं बटण दाबून धरत त्याने मला चालू केलं. असं केलं की आम्ही स्वतःची सगळी माहिती कागदावर ओकतो. कोणती भाषा कळते, पोटात काय काय आहे, सगळं. यादीच्या तळाशी दोन नावं होती, सूर्य आणि चांद.

"हे तं आतच हायेत," तो पुटपुटला. खुर्ची ओढून बसला आणि माझ्या जुन्या भाषेतले हुकूम शोधून हाताने एकेक टाइप करू लागला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा मला अक्षर न् अक्षर कळलं.

मी सूर्य छापला. अगदी सुबक नव्हता. माझा एक ठिपका कधीचाच मेला आहे, त्यामुळे चित्रात उभी पांढरी फट राहते. धम्मशीलाने लेबल पाकिटावर चिकटवलं. सत्यभामाबाईंनी त्या फटीवरून नख फिरवलं.

"हा आपला," म्हणाल्या. "पानी दे."

गोळी गिळून झाल्यावर धम्मशीला म्हणाली, "चूक माही होती, माय. मी सांगतलं, पण तुले समजलं का ते नाही पुसलं." आणि तिथेच, गिऱ्हाइकांदेखत, रडली.

आता नवा प्रिंटर आला आहे. तो देखणा आहे, झपाट्याने छापतो. चित्रांच्या लेबलांसाठी मात्र अजून मीच. धम्मशीला आता प्रत्येकाला पाकीट दिल्यावर थांबवते आणि म्हणते, "आता तुमी मले सांगा, कवा घ्याची?" बाजार असो, गर्दी असो. मागचे कुरकुरतात, कुरकुरू द्या. मित्रांनो, मला नीट पुसा, जपा, हे तर मी म्हणेनच. पण त्याहून मोठं मागणं हे की, कुणाला काही सांगितलं तर त्याला काय समजलं, ते विचारत जा. आम्हा यंत्रांना ते जमत नाही. तुम्हाला जमतं.

परवा सत्यभामाबाई आल्या होत्या. धम्मशीलाने विचारलं, त्यांनी न चुकता सांगितलं. सकाळी ही, रात्री ही. मग पिशवी उचलता उचलता थांबल्या आणि म्हणाल्या, "अन तू जेवली का, पोरी?"

दुपारचे साडेतीन वाजले होते. धम्मशीलाचा डबा तसाच होता. इतक्या वर्षांत काउंटरच्या पलीकडून तिला हे कुणी विचारलं नव्हतं.