वरचे सोडून नऊ किलो

मी एक जुना वजनकाटा आहे. आकडे लुकलुकवणारे काटे कालपरवाचे. माझी तबकडी गोल, काटा लांब आणि ताट पोलादी. मला घडवणाऱ्या कारागिराने माझा काटा शून्यावर आणला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "हा कुणाची भीडभाड ठेवणार नाही बघ." मित्रांनो, तो शब्द मी आयुष्यभर पाळला. तरीही एकदा माझ्यावर खोटेपणाचा आळ आला. त्याचीच ही हकिकत आहे.

कारखान्यातून मी थेट नानांच्या पार्सलच्या दुकानात आलो. पुढे दुकान, मागे घर. वर्षे सरली, घर वाढले. नाना खोकी बांधत, त्यांची सून ती व्हॅनमधून पोचवी आणि आठ वर्षांची नात दोघांनाही सूचना करी. नानांचा हात मोठा सढळ. माझा काटा सात किलो सहाशेवर थांबला, की ते वाकून बघत आणि म्हणत, "सात! वरचं सोडून दिलं." गिऱ्हाईक खूश, नानाही खूश. मला ते सहाशे ग्रॅम टोचत; पण मला कोण विचारतो?

एका सकाळी दाराशी ठेवलेल्या रिकाम्या खोक्यातून कुईकुई ऐकू आली. आत एक इवलीशी कुत्री होती. कान एका जातीचे, शेपूट दुसऱ्या जातीची आणि पाय उरलेल्या कापडात बेतल्यासारखे आखूड. नानांनी तिला माझ्यावर ठेवले, तेव्हा माझा काटा जेमतेम हलला. "ही तर पुडी आहे!" नात म्हणाली. झाले, तेच नाव पडले.

पुडी घरात आली आणि घराचा नूरच पालटला. ती व्हॅनचा आवाज दोन गल्ल्या आधी ओळखायची, पोत्यांवर झोपायची आणि रागावलेल्या गिऱ्हाइकाच्या बुटावर हनुवटी टेकून त्याला गार करायची. मग लाडांना काय तोटा? सून तिला पावाची कड द्यायची, नात अर्धे अंडे द्यायची, नानांच्या खिशात बिस्किटे असायची. प्रत्येकाला वाटे, आपण एवढेसेच देतो. पाच वर्षांत पुडीची चांगली गोणी झाली.

एक दिवस ती पायरी चढताना किंचाळली. मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी निसटली होती. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासले आणि तोलले. सव्वाअकरा किलो!

"ऑपरेशन करावं लागेल," त्या म्हणाल्या, "पण आधी वजन नऊवर आणा. एवढ्या वजनात भूल देणं धोक्याचं आहे. आणि फार उशीर केलात, तर तो पाय कायमचा आखडेल."

घरी येताच सुनेने पुडीचे खाणे मोजूनमापून ठरवले. दर रविवारी पुडीला माझ्यावर उभे करायचे आणि नानांनी वजन वाचायचे, असे ठरले. सातव्या रविवारी नाना वाकले आणि ओरडले, "नऊ!" नात टाळ्या पिटत नाचली. नानांचे डोळे भरून आले. मी मात्र नऊ किलो नऊशेवर ताठ उभा होतो.

दुसऱ्या दिवशी पुडीला उपाशीपोटी दवाखान्यात नेले. तासाभरात सगळी परत आली. तिथल्या काट्याने नऊ किलो नऊशे दाखवले होते. ऑपरेशन लांबले.

"आपला काटाच खोटा," नाना संतापून म्हणाले. "एकतीस वर्षं विश्वास ठेवला, आणि ऐन वेळी दगा दिला याने!" त्यांनी मला उचलून टेबलाखाली सारले आणि वर पोते टाकले. मित्रांनो, गंज चढला असता तर मी सोसला असता. हा आळ सोसवेना. त्याहून वाईट म्हणजे, पुडीने तो पाय टेकवणेच सोडले होते. ती तीन पायांवर लंगडत येई आणि माझ्या पोत्याला टेकून बसे.

तीन दिवसांनी सुनेने पोते बाजूला केले. तिने माझ्यावर पाच किलोचे प्रमाणित वजन ठेवले. माझा काटा पाचावर गेला आणि थांबला. रेसभरही इकडेतिकडे नाही. मग तिने पुडीला ठेवले आणि हाक मारली, "नाना, जरा वाचा बरं."

"नऊ," नाना म्हणाले.

"नीट बघा."

"नऊच की गं. वरचं सोडून."

बोलून गेले आणि नानांनी पुन्हा वाकून तबकडी बघितली. सून हळूच म्हणाली, "वरचं कुणाला सोडता, नाना? पुडी काय गिऱ्हाईक आहे?"

नाना मटकन खोक्यावर बसले. "अरे देवा! हाताला सवयच लागली गं. आणि बिस्किटं... तीही मी द्यायची थांबवली नव्हती." त्यांनी खिसा उलटा केला. नातीने मान खाली घालून अंड्याचे कबूल केले. सूनही म्हणाली, "पावाची कड माझी." त्या दिवशी सगळ्यांचेच पितळ उघडे पडले, आणि बरे झाले.

नानांनी मला फडक्याने पुसून पुन्हा टेबलावर ठेवले. "चुकलो रे," ते म्हणाले. माझ्यासारख्या लोखंडाच्या गोळ्यालाही गहिवरून आले.

मग नाना हट्टालाच पेटले. चष्मा लावून, नाक तबकडीला टेकवून ते ग्रॅम अन् ग्रॅम वाचू लागले. नऊ आठशे. नऊ पाचशे. नऊ एकशे पन्नास! शेवटी एका रविवारी त्यांनी भर गर्दीत आरोळी ठोकली, "आठ किलो नऊशे चाळीस!" रांगेतल्या माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना काही ठाऊक नव्हते. पण नानांचा चेहराच तसा होता.

ऑपरेशन झाले. टाके निघाले. सून तिला रोज दहा पावले, मग वीस पावले चालवी. दोन महिन्यांनी नानांनी मला खाली जमिनीवर ठेवले, तशी पुडी आपणहून टुणकन माझ्यावर चढली. चारही पंजे माझ्या ताटावर सारख्याच भाराने टेकले. असा सुंदर भार मी आयुष्यात पेलला नव्हता!

नाना गिऱ्हाइकांना वरचे अजून सोडतात. मला आता ते टोचत नाही. पण पुडीला एका ग्रॅमची सूट नाही. मित्रांनो, तुमच्या घरी असे एखादे मुके लेकरू असेल, तर त्याचे लाड खिशातल्या खाऊने करू नका. त्याला घेऊन भरपूर चाला, भरपूर खेळा. ज्याच्यावर जीव आहे, त्याचे वजन पुरते वाचा. कटू वाटले, तरी मोठ्याने वाचा. बघा, ती पुडी भर रस्त्यात व्हॅनच्या मागे चार पायांवर उधळली आहे, आणि नाना मागून धापा टाकत ओरडत आहेत, "अगं, थांब की जरा!"