कडू पाणी

मी तोंडाळ आहे हे आमच्या कारखान्यात गेटपासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही त्या गुरुवारी मी साहेबांच्या टेबलावर गोदामाच्या किल्ल्या आपटल्या, तेव्हा माझं मलाच नवल वाटलं.

"आपली माणसं, आपली टीम," मी म्हटलं. "ते जमत नसेल तर ह्या घ्या किल्ल्या आणि लटकवा कुणाच्याही कमरेला!"

समोर बसलेला टायवाला हळूच हसला. तो एका बाहेरच्या कंपनीचा माणूस. काही घातक सांडलं की फोन करायचा आणि त्यांची गाडी येऊन सगळं आवरून जाणार, असा करार घेऊन तो आला होता. साहेबांच्या हातातल्या पेनाचं टोपणही निघालं होतं.

आम्ही फरशी-संडास धुवायची औषधं बनवतो. म्हणजे माझ्या गोदामात ॲसिडचे कॅन ओळीने उभे. गेल्या वर्षात तीनदा सांडलं आणि तिन्ही वेळा जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. तेव्हापासून मी चार जणांना धरून जेवणाच्या सुट्टीत शिकवत होते. वारा कुठून येतो बघायचं, गटाराच्या तोंडावर रबरी चटई टाकायची, वाळूचं कडं करायचं, मग कडेकडेने धुण्याचा सोडा टाकायचा. दोन महिने आम्ही गार डबे खाल्ले. आणि साहेब म्हणतात, "ताई, तुमची माणसं चांगली आहेत हो, पण ऐन वेळी घाबरतील. हे लोक पंचेचाळीस मिनिटांत दारात येतात."

"पंचेचाळीस मिनिटांत ते गटारातून मागच्या ओढ्याला लागेल! तोवर आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?"

असं मी बोलले खरं, पण डोळे टेबलावरच्या किल्ल्यांवरून हटेनात. त्या किल्ल्या माझ्या आधी माझ्या बाबांच्या कमरेला होत्या. सव्वीस वर्षं. लहानपणी बाबा घरी आले हे मला त्यांच्या आवाजावरून नाही, किल्ल्यांच्या आवाजावरून कळायचं.

बाबांनी कारखान्यात आणखी एक गोष्ट मागे ठेवली होती. एक शब्द. आमच्याकडे ॲसिडला कुणी ॲसिड म्हणत नाही, कडू पाणी म्हणतात. घाईत असलं की नुसतं पाणी. हा शब्द बाबांनी आईसाठी काढला होता. लग्न नवीन, आई झुरळाला भिणारी. नवरा ॲसिडच्या गोदामात काम करतो म्हटल्यावर तिने हाय खाल्ली असती. म्हणून बाबा सांगायचे, "अगं, पाण्याचं काम आहे." घरात चुकून तोंडातून जाऊ नये म्हणून ते कारखान्यातही तसंच बोलायला लागले, आणि त्यांचं ऐकून सगळेच.

तर साहेब पेन टेकवणार, इतक्यात खाली अंगणात धाडकन आवाज झाला आणि आमच्या फोर्कलिफ्टवाल्याची आरोळी आली, "पाणी! पाणी!" ह्या माणसाला आम्ही 'सावकाश' म्हणतो, कारण तो जन्मात काही सावकाश करत नाही. आजही त्याने गाडीचा काटा कॅनच्या पोटात घातला होता.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. टायवाला मात्र उठला, आपली पाण्याची बाटली घेतली आणि खिडकीशी जाऊन म्हणाला, "कुणाला तरी तहान लागलेली दिसते."

मी जिना कसा उतरले देव जाणे. खाली बघते तर माझे चौघे आधीच हजर! एकीने सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या अंगाला, गेटकडे पिटाळलं होतं. दोघं लांब दांड्याच्या फावड्यांनी वाळू ओढत होते, सावकाशने गटारावर चटई दाबली होती. कुणीही पळालं नव्हतं. अभिमानाने माझा ऊर भरून आला, आणि तेवढ्यात डाव्या बाजूने आमचा नवा वॉचमन नळी ओढत धावत येताना दिसला. पूर्वी तो बस कंडक्टर होता. येऊन आठच दिवस झालेले. पाणी मागितलंय, तर पाणी घेऊन निघाला बिचारा!

"अहो, थांबा! नळ बंद करा! ते पाणी म्हणजे पाणी नव्हे!"

"मग काय आहे?" तो ओरडला.

आता ह्याला काय सांगू? तीव्र ॲसिडवर पाणी मारलं की ते उकळून उसळतं, आणि वाहत वाहत कुठेही जातं. मी सरळ नळीपुढे उभी राहिले. त्याने दचकून ती माझ्याकडेच वळवली आणि मी डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊन निघाले. पण नळ बंद झाला.

"सोडा!" वाळूवाल्यांनी हाक दिली. सोडा, हातमोजे, तोंडावरचे मुखवटे, सगळं गोदामाच्या कपाटात. मी सवयीने कमरेला हात घातला. कमर रिकामी! किल्ल्या वर, टेबलावर. रागाच्या भरात मीच आपल्या हाताने आपटून आले होते. घ्या! आपल्याच पायावर धोंडा.

"साहेब!" मी खालून बोंबलले. "किल्ल्या!"

खिडकीत टायवाला फोन कानाला लावून उभा होता. "आमचे लोक विचारतायत, सांडलंय काय?"

"पाणी!" सावकाश जीव खाऊन ओरडला.

टायवाल्याने इमानाने तसंच सांगितलं. फोनचा आवाज मोठा होता, म्हणून पलीकडचं उत्तर आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "मग फडक्याने पुसून घ्या की!"

साहेबांनी त्याला बाजूला सारलं आणि किल्ल्यांचा जुडगा खाली भिरकावला. "घ्या ताई! टीम तुमची! आधी ते आवरा!"

जुडगा कंडक्टरने अलगद झेलला. सुट्टे पैसे झेलायची सवय असेल. पुढचं सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. मोजे, मुखवटे, कडेकडेने सोडा, फसफस, फेस, मग फसफस कमी कमी होत बंद. अकरा मिनिटं. साहेब वरून घड्याळ बघत होते. कुणाला साधा चटकाही बसला नाही. चौघांनी मुखवटे काढले आणि एकमेकांची लाल तोंडं बघून असे हसत सुटले की मलाही आवरेना.

साहेबांनी खाली येऊन सगळ्यांशी हात मिळवला. ठरलं असं की मोठं काही झालं तर बाहेरच्यांना बोलवायचं, पण पहिला हात आमचा.

"अजून काही हवंय, ताई?" त्यांनी विचारलं.

हवं होतं. मी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. शेवटी म्हटलं, "साहेब, 'पाणी' म्हणणं बंद करायला हवं. आज नळी दोन पावलं पुढे आली असती तर कंडक्टरचे डोळे गेले असते. शब्द माझ्या बाबांचा आहे, म्हणून मीच सांगते." डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं, आधीच भिजले होते.

त्याच दुपारी मी गोदामाच्या दारावर लाल रंगाने हातभर अक्षरं काढली, ॲसिड.

संध्याकाळी तशीच आईबाबांकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडेच राहतात. आई शेंगा सोलत होती. बाबांना मी सगळं सांगितलं, जरा हळू आवाजात, कारण आईसमोर 'ॲसिड' हा शब्द आमच्या घरात कधी उच्चारला नव्हता.

"टीम झाली ना? मग झालं तर," बाबा म्हणाले. पण चेहरा उतरला. "माझा शब्द मात्र पुसलास."

"किल्ल्या आहेत की तुमच्या, बाबा."

"कडू पाणी ना?" आई शेंगांतून मान वर न करता म्हणाली. "चांगलं केलंस पुसलंस ते. पाण्याने कधी सदऱ्याला भोकं पडतात का? सव्वीस वर्षं रफू कोण करत होतं, शेजारीण?"

बाबांचा आ वासला तो वासलाच. "म्हणजे तुला पहिल्यापासून माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"इतक्या मायेने थाप मारत होतात," आई म्हणाली, "मोडवेना मला."

बाबा आधी लाजले, मग हसायला लागले. ते हसले म्हणून आई हसली, आणि हसता हसता बाबांना असा जोराचा ठसका लागला की त्यांना बोलता येईना.

"अगं, बघतेस काय नुसती!" आई ओरडली. "पाणी आण!"

"कुठलं?" मी विचारलं.