स्थलांतराचे कारण: कौटुंबिक

सरकारने दुष्काळ जाहीर केला आणि तो धाकट्याच्या कुंपणापाशी येऊन थांबला.

म्हणजे नकाशावर थांबला. कुंपणापलीकडे थोरल्या भावाचं कुरण, तिथे दुष्काळ. अलीकडे धाकट्याचं, तिथे सुबत्ता. मध्ये काटेरी तारेचे चार पदर. एकाच बापाचं हे एकच कुरण, वाटण्या झाल्या तेव्हा दोघांनी मिळूनच ती तार ओढली होती. ऊन दोन्हीकडे सारखं, ढेकळं दोन्हीकडे सारखी, गुरांच्या बरगड्या दोन्हीकडे लांबून मोजता येतील अशा. पण तारेला हात न लावता गुमान पलीकडे उभा राहणारा इतका शिस्तीचा दुष्काळ धाकट्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

धाकट्याचं वय चोपन्न, गुडघ्यांचं सत्तर. तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत, कारण थोरला अजून हयात होता आणि तारेपलीकडेच राहत होता. दोघांचं आठ वर्षं बोलणं नव्हतं. थोरल्याने न विचारता सामाईक वळू विकला, हे कारण. जावांनी मात्र हे भांडण काही मनावर घेतलं नव्हतं. त्या रोज सकाळी तारेच्या दोन बाजूंना उभ्या राहून तासभर बोलत, आणि दोन्ही घरांतल्या बातम्या तिथूनच ये-जा करत.

तशीच ही बातमी आली. बायको बादली खाली ठेवत म्हणाली, "ताईंकडे सरकारी चारा मंजूर झालाय. दर जनावरामागे. आपलं नाव यादीत नाही."

"चुकून राहिलं असेल," धाकटा म्हणाला. सरकारवर त्याचा अजून थोडा विश्वास होता. पुढल्या आठवड्यात तोही गेला.

पशुधन कार्यालयात खिडकीमागच्या बाईंनी त्याचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. मग त्यांनी संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला. पडद्यावर थोरल्याचं कुरण लालभडक होतं. धाकट्याच्या कुरणावर बरोब्बर मध्यभागी हिरवागार ठिपका.

"उपग्रहाला तुमच्याकडे हिरवळ दिसली आहे," बाई म्हणाल्या.

धाकट्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. ठिपका त्याच्या गोठ्यावर होता.

"बाई, ही ताडपत्री आहे."

"काय?"

"गेल्या वर्षी तुम्हीच दिल्या होत्या. चारा झाकायला, सहा नग. झाकायला चाराच नव्हता, म्हणून बायकोने शिवून त्यांची सावली केली. गुरांच्या डोक्यावर."

बाई थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. हसावं असं त्यांनाही वाटलं असावं, पण कार्यालयीन वेळ होती. "मग तुम्ही हरकत घ्या," त्यांनी कागद पुढे सरकवला. "नव्वद दिवसांत निर्णय होतो."

"तोवर गुरांनी काय खायचं?"

"त्यासाठी वेगळा अर्ज नाही," बाई म्हणाल्या, आणि त्या खरंच दिलगीर दिसल्या.

घरी आल्याआल्या धाकट्याने शिडी लावून ताडपत्री ओढून काढली. उपग्रह दिवसातून कितीदा वरून जातो हे त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो दोन दिवस ती काढलेलीच ठेवून बसला. उपग्रहाने काही दखल घेतली नाही. उन्हाने मात्र घेतली. दोन वासरं धापा टाकायला लागली तशी बायकोने ताडपत्री परत वर चढवली.

त्या आठवड्यात व्यापारी येऊन नऊ गाई घेऊन गेला. व्यापारी भला माणूस होता. गाईंकडे बघून तो हळहळला आणि त्या हळहळीनेच त्याने भाव पाडला. बेचाळीसमधल्या तेहतीस उरल्या. त्यांच्यासाठी धाकट्याने ओढ्याकाठची झाडं ओरबाडली, छपराचं जुनं गवत उपसलं, आणि एका सकाळी तो गव्हाणीत नुसताच हात फिरवत उभा राहिला.

"गुरं पलीकडे न्या," बायको मागून म्हणाली.

"कुठे पलीकडे?"

"दुष्काळात."

तो वळला. ती थट्टा करत नव्हती. "चारा जनावर जिथे उभं असेल तिथे मिळतो. मी ताईंशी बोलले आहे. मोजणी शुक्रवारी आहे. आता दादांना विचारायचं तेवढं तुम्ही विचारा, ते काही माझ्याने होणार नाही."

"तो नाही म्हणाला तर?"

"तर परत या. आठ वर्षांत काय वेगळं झालंय?"

धाकटा तारेवरून न जाता रस्त्याने फिरून, फाटकातून, पाहुण्यासारखा गेला. वहिनींनी दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं आणि तो काल येऊन गेल्यासारख्या म्हणाल्या, "ते मागे आहेत. चहा टाकते."

थोरला हौदाच्या कडेला बसून दोराला गाठ मारत होता. त्याने मान वर केली नाही. धाकट्याला पहिल्यांदा दिसलं ते हे, की दादाचे केस गेले. तारेवरून इतकं दिसत नसे.

"गुरं आणायची होती," धाकटा म्हणाला.

"किती?"

"तेहतीस."

"बेचाळीस होती."

म्हणजे हा मोजत होता.

थोरल्याने गाठ आवळली. "वळू लंगडत होता. मागचा डावा पाय."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू विकू दिला असतास?"

"नसता दिला."

"म्हणून नाही सांगितलं."

आठ वर्षांचा अबोला एवढ्यात उरकला. दोघांनाही तो इतका स्वस्तात गेल्याचं जरा वाईटच वाटलं. मग थोरला पक्कड घेऊन उठला आणि दोघांनी तारेचे चार पदर कापले. गाई उघडलेल्या जागेतून एकामागून एक दुष्काळात शिरल्या. पलीकडेही काहीच नाही हे कळल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, पण तोवर त्या पात्र झाल्या होत्या.

शुक्रवारी पशुधन अधिकारी आले. तरुण होते, बूट नवे होते. त्यांनी कानातले बिल्ले तपासायला सुरुवात केली आणि पहिल्याच ओळीत थबकले.

"हे बिल्ले शेजारच्या कुरणाचे आहेत."

"आहेत," थोरला म्हणाला.

"म्हणजे ही जनावरं तिकडून इकडे आली?"

"चालत."

साहेबांनी फाइल चाळली. लबाडी पकडल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आला नाही, उलट काही सापडतंय का अशा काळजीने ते पानं उलटत होते. शेवटी सापडलं. "एक रकाना आहे. 'स्थलांतरित पशुधन'. त्यांनाही चारा मिळतो. फक्त स्थलांतराचं कारण लिहावं लागेल."

"लिहा, चारा नाही म्हणून," धाकटा म्हणाला.

"ते नाही लिहिता येणार. नकाशाप्रमाणे तुमच्याकडे चारा आहे."

"मग पाणी नाही म्हणून."

"पाणीही आहे." साहेबांनी मान खाली घातली. "खरं तर तुमच्याकडून कोणी इकडे का येईल, हाच प्रश्न आहे."

सगळ्यांनी तीस पावलांवरच्या त्या सुजलाम कुरणाकडे पाहिलं. तिथून एक भोवरा धूळ उडवत निघाला, कापलेल्या तारेतून इकडे आला आणि साहेबांच्या नव्या बुटांवर बसला.

"साहेब," वहिनी मागून म्हणाल्या, "लग्न होऊन मुलगी सासरी जाते, तेव्हा तुम्ही काय लिहिता?"

"कौटुंबिक कारण."

"मग तेच लिहा की."

साहेबांनी लिहिलं. तेहतीस गाईंपुढे तेहतीस वेळा लिहिलं, कारण 'वरीलप्रमाणे' अशा खुणा केलेल्या तपासनिसांना चालत नाहीत. लिहिता लिहिता एकदा त्यांचे खांदे हलले आणि त्यांना उगाच खोकून घ्यावं लागलं.

चारा एकोणिसाव्या दिवशी आला. मधल्या काळात दोन गाई बसल्या. एकीला दोघा भावांनी पोटाखालून पोती घालून तीनदा उभं केलं, ती तिसऱ्यांदा उभी राहिली. दुसरी नाही राहिली. ती कोणाच्या बिल्ल्याची हे कोणी पाहिलं नाही. खड्डा दोघांनी मिळून खणला, आणि बायको तिच्या कपाळावरून हात फिरवत बराच वेळ तिथेच बसून राहिली.

ट्रक मोठ्या रस्त्यावर थांबला. पोच रस्त्यापर्यंतच आहे, असं चालकाने कागद दाखवून सांगितलं. दाबून बांधलेल्या गवताच्या गासड्या उतरवून तो निघून गेला आणि चौघांनी त्या दुपारपर्यंत पाठीवरून वाहिल्या. काहींना बुरशी होती. बाकीच्या चांगल्या होत्या. पहिली गासडी सोडली तेव्हा गाई इतक्या शांतपणे खायला लागल्या, की कोणालाच काही खोचक बोलावंसं वाटलं नाही. धाकट्यालासुद्धा नाही.

हंगामभराचा म्हणून आलेला चारा पंधरा दिवसांचा होता. त्यांनी तो काटेकोर वाटून पाच आठवडे पुरवला. दुसरा ट्रक आला नाही. मग दोघे भाऊ एका सकाळी कळपात शिरले आणि कोणत्या व्यापाऱ्याकडे जायच्या हे ठरवायला बसले. सगळ्यात जड काम तेच होतं. थोरला एकीवर बोट ठेवायचा, धाकटा कारण सांगून ती वाचवायचा, आणि थोड्या वेळाने स्वतःच तिचा दोर सोडायचा. चोवीस गेल्या.

गवत उशिरा उगवलं, दोन्हीकडे एकदमच. कळपात दोघांची मिळून सेहेचाळीस जनावरं उरली होती. ती वेगळी करायची असं दोघांच्याही तोंडून दोन-तीनदा निघालं, पण प्रत्येक वेळी दुसरं काहीतरी काम निघालं. आता सकाळी थोरला गुरं सोडतो, संध्याकाळी धाकटा बांधतो. दादाला गुरं सोडता येत नाहीत, असं धाकट्याचं ठाम मत आहे, आणि ते तो रोज त्याच्या तोंडावर सांगतो.