धुकं नसताना

विल्फ एन्टविसलनं शेगडीवरची किटली उतरवली, दोन मगांत चहा ओतला आणि परीक्षेला बसायचं सोडून परीक्षकालाच प्रश्न टाकला.

"पूर्वी लंडनमध्ये दुपारचे बारा वाजायचे, तेव्हा ब्रिस्टलमध्ये किती वाजलेले असायचे?"

"विल्फ, परीक्षा तुमची आहे, माझी नाही," लॉरेन म्हणाली.

"अकरा पन्नास! दहा मिनिटं मागं. ज्या गावाचा सूर्य, त्या गावाचं घड्याळ. मग रेल्वे आली आणि सगळ्या देशाला एका घड्याळाला जुंपलं. भल्याभल्या राजांना जे जमलं नाही, ते वेळापत्रकानं केलं. लिही, एक गुण जास्तीचा."

लॉरेन टॅटरसॉल हसली, पण हातातल्या कागदावर काहीच लिहिलं नाही. स्कारबेकच्या सिग्नल केबिनमध्ये दुपारचं ऊन नुसतं सांडलं होतं. सिग्नल आणि सांधे हलवणारे बावीस लिव्हर ओळीनं उभे होते आणि त्यांच्या मुठी विल्फनं सकाळीच घासून लख्ख केल्या होत्या. ही लाइन सरकारनं कधीच मोडीत काढलेली. हौशी लोकांनी पदरमोड करून, हातापायांना फोड आणून ती पुन्हा चालू केली. शनिवार-रविवार वाफेच्या गाड्या पळतात. नियमही जुन्या काळचेच ठेवलेत आणि त्याचा सगळ्यांना भारी अभिमान. गाड्या मात्र खऱ्या, माणसं खरी. म्हणून केबिन सांभाळणाऱ्याला दर दोन वर्षांनी परीक्षा. पास झाला तर केबिन त्याची. नापास झाला तर किल्ली जमा.

विल्फ ब्याऐंशीचा. कुठल्या इंजिनाची चाकं कुठल्या साली बदलली, ते त्याला झोपेतून उठवून विचारावं. डिझेलच्या इंजिनाला तो 'चाकांवरचं कपाट' म्हणायचा आणि त्या मतावरून निम्म्या मंडळींशी त्याचं वाजलेलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लॉरेन शिकायला आली, तेव्हा समितीतले म्हातारे कुरकुरले होते, बाईमाणसाला लिव्हर झेपायचा का म्हणून. विल्फ भर सभेत म्हणाला होता, "लिव्हर अंगाच्या जोरानं ओढतात, मिशांनी नाही." झालं, सगळ्यांची तोंडं बंद. तीच लॉरेन आता त्याची परीक्षक होती, आणि तिला ही परीक्षा नकोशी झाली होती.

कारण हिवाळ्यापासून तिला दिसत होतं. त्यानं तिला दोनदा दुसऱ्याच कुणाच्या नावानं हाक मारली. एकदा तासभर चष्मा शोधला, तो निघाला पावाच्या डब्यात. अशा गोष्टी कुणाकडूनही होतात, असं ती स्वतःला बजावायची आणि तिला ते पटायचं नाही. पण केबिन काढून घेतली तर या माणसाचं उरणार काय? हा विचार आला की तिला रडूच यायचं.

तोंडी परीक्षा तर त्यानं खाऊन टाकली. नियमाचा आकडा विचारावा, तो पोटनियमासकट म्हणून दाखवी.

"आणि लिव्हरवर लाल कडं कशासाठी घालतात?" तिनं शेवटचा प्रश्न विचारला.

"विसरू नये म्हणून!" विल्फनं मग खाली ठेवला. "त्या रुळावर गाडी उभी आहे, लिव्हर ओढू नकोस, म्हणून. एकोणीसशे पंधरा, क्विंटिनशिल. केबिनच्या डोळ्यांसमोर पॅसेंजर उभी, आणि केबिनमधले दोघेही तिला विसरले. त्यातला एक तर त्याच गाडीतून ड्यूटीवर आला होता, लॉरेन! ज्या गाडीतून उतरला, तीच विसरला. कडं घातलं नव्हतं. दोनशेच्या वर माणसं गेली, बहुतेक सगळे सैनिक. लोक म्हणतात निष्काळजी होते. मी म्हणतो, माणसं होती. माणूस विसरतो, म्हणून तर कडं."

"बरोबर," लॉरेन म्हणाली.

मग प्रात्यक्षिक. मागून एक्स्प्रेस येत होती, तिला वाट करून द्यायला पुढची मालगाडी बाजूला घ्यायची होती. विल्फनं खटाखट लिव्हर ओढले. मालगाडी फुसफुसत मागं आली, सांधा ओलांडून शेजारच्या, उलट दिशेच्या गाड्यांच्या रुळावर गेली आणि पुलापलीकडच्या झाडांआड जाऊन उभी राहिली. घड्याळात दोन वाजून सहा मिनिटं झाली होती. एवढ्या वयात ते हात इतके चपळ चाललेले बघून लॉरेनला मनापासून आनंद झाला.

आता शेजारच्या रुळाच्या लिव्हरवर लाल कडं घालायचं होतं.

विल्फ वळला. कडी खुंटीवर टांगलेली होती, हाताच्या अंतरावर. त्यानं तिकडे पाहिलं, नंतर चहाकडे पाहिलं, आणि चहाचा मग उचलला.

"चहा निवला गं," तो म्हणाला.

परीक्षकानं आठवण करून द्यायची नसते.

तेवढ्यात घंटा वाजली. लाइनवरच्या पुढच्या, हॅगवुडच्या केबिनमधून तिथला सिग्नलवाला डेसमंड विचारत होता: तीन ठोके, जरा थांबून एक. पॅसेंजर पाठवू का? त्याच रुळावरून, जिथं झाडांआड मालगाडी उभी होती. विल्फनं मग ठेवला आणि 'पाठव' म्हणून उत्तर द्यायला घंटेच्या बटणाकडे हात नेला. लॉरेन एक पाऊल पुढं सरकली. तो बटण दाबायला लागला तर तिला त्याचा हात धरावाच लागणार होता, आणि मग सगळं संपणार होतं.

जिन्यावर धाडधाड बूट वाजले. दार उघडून क्लाइव्ह ऑर्मरॉड आत आला, कोळशानं काळाठिक्कर. सोमवार ते शुक्रवार तो गावात लोकांचे दात काढायचा आणि शनिवारी मालगाडीचा फायरमन होऊन इंजिनात कोळसा टाकायचा.

"मालगाडी शेजारच्या रुळावर उभी आहे, विल्फ," तो धापा टाकत म्हणाला. "आठवण द्यायला आलोय. नियमाप्रमाणे."

विल्फचा हात बटणावर थांबला. त्यानं तो हळूच मागं घेतला. खुंटीवरचं कडं काढलं, लिव्हरवर घातलं. हॅगवुडची घंटा बिनउत्तराची राहिली, आणि तेच योग्य होतं. उत्तर न देणं म्हणजेच नकार. क्लाइव्हनं रजिस्टरमध्ये सही केली. लॉरेननं श्वास सोडला.

गाडी खोळंबली की फायरमननं केबिनमध्ये जाऊन आठवण द्यायची, हा नियमच होता. त्यात लबाडी कसली? नियमानं माणसाला सांभाळलं, इतकंच. तिनं कागदावर 'उत्तीर्ण' लिहायला पेन टेकवलं.

"लॉरेन," विल्फ खिडकीशी गेला होता. "बाहेर धुकं पडलंय का गं?"

"धुकं? नाही. लख्ख ऊन आहे."

"बर्फबिर्फ?"

"मे महिन्यात?"

"मग क्लाइव्ह एवढ्या लवकर कसा आला?" विल्फ वळला. "धुक्यात किंवा बर्फात फायरमननं तडक यायचं. हवा मोकळी असेल तर तीन मिनिटं गाडीपाशी वाट बघायची आणि मग निघायचं. गाडी उभी राहिली सहाला, हा इथं सातला. आणि त्या पुलापासून चालत यायला दोन मिनिटं लागतात. आमचे डॉक्टर उडत आले काय?"

क्लाइव्हनं टोपी काढली, पुन्हा घातली. "मी... मी इंजिनाकडं बघतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

लॉरेननं पेन खाली ठेवलं.

"गाडी थांबायच्या आधीच उतरून पळत सूट, असं मी त्याला सकाळी सांगितलं होतं," लॉरेन म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "तीन मिनिटांचं माझ्या ध्यानातच राहिलं नाही."

"परीक्षक बाई नियम विसरल्या!" विल्फ हसला. "आता नापास कोण, तू की मी?"

"विल्फ, आज क्लाइव्ह आला. पुढच्या वेळी मी असेन. कुणी ना कुणी असेलच की."

"आणि ज्या दिवशी कुणी नसेल?" तो हे रागानं बोलला नाही. "मला मालगाडी आठवलीच नाही, पोरी. अंधुकसुद्धा नाही. क्लाइव्ह बोलला तेव्हा क्षणभर मला वाटलं, हा कुठल्या मालगाडीबद्दल बोलतोय? मला भीती वाटली. गेली कित्येक वर्षं या केबिनमध्ये मला कधी भीती वाटली नव्हती."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो दोन क्षण तसाच राहू दिला, मग सोडवून घेतला, रजिस्टर पुढं ओढलं आणि क्लाइव्हच्या सहीखाली सावकाश लिहिलं: 'दोन वाजून सहा. कडं घालायचं राहिलं. चूक माझी.' त्याखाली वेळ टाकली आणि 'ड्यूटी समाप्त' लिहून सही केली. पेन तिच्याकडे दिलं.

"कर सही. गाड्या खोळंबल्यात."

तिनं सही केली. एक्स्प्रेस शिट्टी फुंकत निघून गेली. मालगाडीला लॉरेननं परत मूळ रुळावर घेतलं, कडं उतरवलं. हॅगवुडची घंटा पुन्हा वाजली: तीन, आणि एक. तिनं उत्तर दिलं: तीन, आणि एक.

लगेच फोन खणखणला.

"कोण आहे तिथं?" पलीकडून डेसमंड म्हणाला. "हा हात विल्फचा नाही. पंचवीस वर्षं ऐकतोय मी त्याचे ठोके. बरा आहे ना तो?"

लॉरेननं मागं पाहिलं. विल्फ पाहुण्यांसाठी ठेवलेल्या लाकडी खुर्चीत बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. अठ्ठावीस वर्षांत तिनं त्याला त्या खुर्चीत बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बरा आहे," ती म्हणाली. "ड्यूटी संपली त्याची."

"आत्ता? दुपारी सव्वादोनला?"

तिनं फोन कानाशी धरूनच विल्फकडे पाहिलं.

"त्याला सांग," विल्फ खुर्चीतूनच ओरडला, "की शेवटचा ठोका तू घाईत दिलास. पुढच्या वेळी तू थोडं थांबशील म्हणावं. त्याला फरक कळतो."

"ऐकलं मी," डेसमंड म्हणाला, त्यानं फोन ठेवला आणि पॅसेंजर निघाल्याचे दोन ठोके सावकाश दिले.