काळी बादली

आमच्याकडं द्राक्षं तोडताना दोन बादल्या असतात. लाल आणि काळी. वेलीवरच सुकलेले, राखाडी बुरशीचे मणी लाल बादलीत. त्यांना मध-जर्दाळूचा वास येतो, त्यांची गोड वाइन होते आणि जर्मनीत मोझेल नदीच्या काठी आमच्या घराचं नाव तिच्यावरच चालतं. आंबलेले, व्हिनेगरचा वास मारणारे मणी काळीत. ते फेकायचे. बादली पिंपात जायच्या आधी आजोबा हुंगणार. ते "घाल" म्हणाले की घालायची. नऊ पिढ्या हेच चाललंय, घरातला म्हातारा हुंगतो.

हिवाळ्यातल्या तापात आजोबांचं नाक गेलं, कसलाच वास येईना. शेजारी दूध करपत असताना ते मजेत कॉफी पीत बसले, तेव्हा मला कळलं. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "लिओबा, तोंड बंद ठेव. शाळा सोडलीस ती मला अक्कल शिकवायला का?"

काल आजोबांनी एक आंबलेली बादली पास केली. यंदाच्या दोन पिंपांतलं एक गेलं.

आज दुपारी मळ्याखालच्या बाकांवर, दुसऱ्या पिंपाशेजारी, सगळे बटाट्याचं सूप खात होते. बाबा उठून म्हणाले, "काल हालिनाबाईंनी काळी बादली पिंपात घातली. उद्याच्या बसनं त्या पोलंडला परत जातील."

हालिना मावशी बावीस वर्षं आमच्याकडं तोडणीला येतेय. तिचा पाव हातातच राहिला. "मी? अरे अन्सगर, तुझं लग्न व्हायच्या आधीपासून तुझ्या बादल्या भरतेय मी!"

"वय झालं की चुका होतात," बाबा म्हणाले. शेजारी बसलेल्या आजोबांकडं बघितलंसुद्धा नाही.

मी जाऊन काळी बादली उचलली. आत तपकिरी, गिळगिळीत लगदा, वर चिलटं. थेट आजोबांच्या नाकाखाली धरली.

"आजोबा, घालू?"

"लिओबा!" बाबा ओरडले.

आजोबांनी बादलीकडं न बघताच सवयीनं डोळे मिटले. "मध," म्हणाले. "जर्दाळू. घाल."

सगळे गप्प झाले. कुणीतरी चमचा खाली ठेवला. चिलटं आजोबांच्या मिशीवर बसलेली. ती शांतता त्यांना कळली असावी, कारण त्यांनी एक मणी उचलून तोंडात टाकला. जीभ शाबूत आहे त्यांची. गाल आत ओढले गेले, डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, आता थुंकतील.

गिळला.

"मध," परत तेच. "अन्सगर, घाल."

बाबांनी माझ्या हातातून बादली घेतली. नाही घातली, तर आजोबांचं नाक गेल्याचं सगळ्यांसमोर कबूल करायचं. घातली, तर उरलेलं एकमेव पिंपही गेलं.

घातली! बदाबदा ओतली. इतका वास सुटला, की बाकांवरच्यांनी सुपाचे वाडगे बाजूला सारले.

हालिना मावशीनं तोंड पुसलं. "हेही माझ्याच नावावर का रे, अन्सगर?"

बाबा बोटानं बादलीचा तळ खरवडत राहिले. बसचं नाव परत निघालं नाही. मावशी लाल बादली घेऊन चढ चढायला लागली, मी तिच्या मागं.

वळून बघितलं, तर आजोबा मिशीवरून जीभ फिरवत होते.